साहेबांना न दिसलेला कॉम्प्युटर

मु. पो. धडगावच्या वरचा डोंगर,
फेब्रुवारीचा दुसरा शनिवार

प्रिय अजितदादा,

सप्रेम सलाम. पुण्यात तू, वहिनी आणि निशा खुशाल असाल. नवापूरला आई बरी आहे, गुडघा सोडून. मीही इथे पाड्यावर बरी आहे, डोकं सोडून. आणि ते बिघडवलंस तू. (वाचून रागावशील तर रागाव. मी एकटीनेच किती रागवायचं?)

शाळेचा जुना कॉम्प्युटर प्रार्थनेला सुरू केला की मधल्या सुट्टीत उघडायचा आणि तोवर छतावरच्या सौर पाट्यांनी भरलेली बॅटरी पिऊन टाकायचा, हे मी नाताळात तुझ्यापुढे रडून सांगितलं होतं. (बाकीची वीज इथे तिच्या मनात आलं तर येते.) तू म्हणालास, हलकंफुलकं लिनक्स घालून एक लहानसा कॉम्प्युटर पाठवतो, बल्बाएवढीही वीज खाणार नाही. लहानसा म्हणजे केवढा, हे सांगायला तुझी जीभ झिजत होती का? मी आमची खिचडी शिजवणारी मंगळीबाई आणि तिचे दोन दणकट दीर यांना घेऊन रस्त्यावर उभी राहिले. नारसिंगच्या जीपमधून अठरा माणसं उतरली, दोन बकऱ्या उतरल्या, सिमेंटची गोणी उतरली; कॉम्प्युटर उतरेना. त्याने तो घाटात पाडला असं धरून मी सगळ्या प्रवाशांसमोर त्याला पाव तास झापलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, शर्टाच्या खिशातून साबणाच्या वडीएवढं पुडकं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. त्या दिवसापासून तो मला जीपमध्ये पुढे बसू देत नाही.

बरं, पुडक्यातली ती डबी चालली. उगाच खोटं का बोलू? मंगळीबाईच्या घरचा टीव्ही आणून जोडला, तर प्रार्थना संपायच्या आत सगळं उघडलेलं. (कोपऱ्यात उंदराचं चित्र का आहे, हे मात्र कळव. पहिलीची पोरं त्याला रोज दाणे दाखवतात.) आमच्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेत. पोरं त्यांना निरोप टाइप करतात, मी पडद्याचा फोटो काढते आणि शनिवारी धडगावला रेंजमध्ये गेले की मुकादमाच्या मोबाईलवर पाठवते. तो फडात सगळ्यांना वाचून दाखवतो. तिसरीतल्या रिनाने लिहिलं, ‘आई, बकरी व्याली, दोन झाले, तू ये.’ तिची आई खरंच दोन दिवसांसाठी येऊन गेली. म्हणून तुला मी जवळजवळ माफ केलं होतं.

पण गेल्या मंगळवारी तपासणीचे साहेब आले. ज्या शाळेत कॉम्प्युटर नाही, तिथल्या सौर पाट्या काढून दुसऱ्या शाळेला द्यायच्या, म्हणून पाहणी. (जुना कॉम्प्युटर तर डबी आल्यावर तालुक्याला परत गेलेला.) साहेब शहाद्याकडचे. खोलीभर फिरले, बाकाखाली वाकले, खिचडीच्या पातेल्यामागेही पाहिलं. “मॅडम, कॉम्प्युटर कोठे शे?” मी डबीवर बोट ठेवलं. साहेब हसले. “हाऊ कॉम्प्युटर? मन्हा मोबाईलना चार्जर बी येन्हापेक्षा मोठा शे!” मी समजावलं, लिनक्स म्हटलं, तुझं नाव सांगितलं (त्याचा काही उपयोग झाला नाही). मग त्यांना अहवाल तिथेच लिहायचा होता आणि त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी घाटातच मेली होती. वीज तर आदल्या दिवसापासून नव्हतीच, आणि आमची सौर बॅटरी डबी आणि टीव्हीपुरतीच. साहेब आमच्या पडद्यासमोर बसले, दोन बोटांनी तासभर टाइप केलं, वर “मस्त चालस बरं” असं कौतुकही केलं, आणि मला वाचून दाखवलं: ‘सदर शाळेत संगणक आढळून आला नाही. फक्त टीव्ही आहे.’

मी म्हटलं, “साहेब, मग हे तुम्ही कशावर लिहिलंत?”

“टीव्हीवर.”

दादा, मंगळीबाईला मराठी फारसं येत नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येतो. ती उठली आणि तिने डबीची वायर खेचली. पडदा काळा. मग ती तिच्या पावरी बोलीत जे बोलली त्याचा सभ्य अर्थ एवढाच, की आता लिही टीव्हीवर. साहेब घामाघूम. तासाभराची मेहनत गेली! मला इतका आनंद गेल्या नाताळातही झाला नव्हता. त्यांनी हात जोडले तेव्हा मी वायर परत लावली, आणि तुझ्या त्या फितूर लिनक्सने काय करावं? अहवालाचं शेवटचं अक्षरही जपून ठेवलं होतं! ‘परत आणू का?’ म्हणून वर मलाच विचारलं. साहेबांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. मग गुपचूप ते वाक्य खोडून त्यांनी लिहिलं: ‘संगणक आहे. आकार समाधानकारक नाही. पुढील भेटीत सुधारणा दिसावी.’

सौर पाट्या राहिल्या. पण मला सांग, आकारात सुधारणा मी कशी करू? खिचडी चारू? हा सगळा मनस्ताप तुझ्या डबीमुळे, हे वहिनीलाही वाचून दाखव.

तुझी (अजून तरी) बहीण,
लिडिया

ता. क. कुठे भंगारात कॉम्प्युटरचा रिकामा खोका मिळाला तर पाठव. सगळ्यात मोठा बघ. लाल दिवा लागत असेल तर उत्तम.

ता. क. दुसरा: खोका अगदीच रिकामा पाठवू नकोस. आत तसल्या पाच डब्या सहज बसतील. पोरांच्या निरोपांची रांग आता खिचडीच्या रांगेपेक्षा मोठी झाली आहे.