साच्यावरचा पाचवा डबा

प्रति,
मा. श्री. सोमेश्वर तौर,
उत्पादन व्यवस्थापक,
प्लास्टिक झाकणांचा कारखाना,
औद्योगिक वसाहत, जालना.

विषय : अर्जदाराचे गणित बरोबर निघाल्याने तिला नोकरीत कायम करणेबाबत.
संदर्भ : अहवालावरील आपला शेरा, 'गणित कच्चे. कायम करू नये.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार ज्योत्स्ना राजानंद हिवराळे, प्रशिक्षणार्थी अभियंता, रा. बदनापूर, सविनय सादर करते की, वितळलेले प्लास्टिक आत शिरले की साचा तापतो आणि पाणी फिरले की निवतो. प्रत्येक झाकणामागे होणाऱ्या या चढउताराचा हिशेब मांडण्याचे काम अर्जदाराकडे होते. हिशेब दिवसभर तंतोतंत जुळे. फक्त जेवणाच्या सुट्टीआधी साचा हिशेबापेक्षा थंड निघे. त्यावरून आपण उपरोक्त शेरा मारलात. अर्जदाराला घास गोड लागेना, आणि घरी आईने लगबगीने स्थळे पाहायला घेतली.

मंगळवारी अर्जदार मशीनमागे वाकून पाहते तो काय! साच्याच्या न हलणाऱ्या भागावर स्टीलचे डबे ऐटीत बसलेले. मशीनवरील गोजरबाई यांचा जबाब असा : "मंग काय झालं मॅडम? भाजी जराशी कोमट करून राह्यलो. तुमचा साचा काय खाऊन टाकला न्हाई!" म्हणजे साच्याची उष्णता बिलकुल वाया जात नसून भाजीत जात होती. अर्जदाराला इतका आनंद झाला की तिने गोजरबाईंना धरून गिरकी घेतली. त्यात सांडलेली झाकणे अर्जदाराने स्वतः वेचली आहेत.

तथापि मशीनवर बायका चार, म्हणून चार डबे हिशेबात धरले, तरी साचा किंचित थंडच. गणित पाचवा डबा मागत होते. शोध घेतला असता तो पाण्याच्या नळीआड, तीन पुडांचा, मेथीच्या भाजीसह आढळला. तो मांडताच आकडे असे जुळले की अर्जदार एकटीच टाळ्या पिटत सुटली.

सबब, शेरा मागे घेऊन अर्जदारास कायम करावे, तसेच डब्यांवर बंदी घालू नये. ते आता हिशेबात आहेत.

पाचव्या डब्याच्या मालकाची चौकशी अर्जदाराने केलेली नाही. झाकणावर 'चि. सोमेश्वर यास सप्रेम भेट, आत्या, टेंभुर्णी' असे कोरलेले आहे, एवढेच नमूद करते.

आपली नम्र आणि गणिताची पक्की,
ज्योत्स्ना रा. हिवराळे
शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीआधी

सोबत :
१) तापमानाचा दुरुस्त आलेख.
२) डबा, नग एक. भाजी अजून कोमट आहे. ती निवण्यापूर्वी निर्णय व्हावा.