बाइंडरची अडचण

३ जानेवारी

पस्तीस वर्षांपूर्वीची ती दुपार आज सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी ग्रंथपाल होते त्या ग्रंथालयातली पुस्तकबांधणीची खोली. मी विणलेला स्वेटर बाइंडरनी डोक्यातून घातला आणि तो कपाळावरच अडकला! गळा अरुंद झाला होता. मी वर ओढतेय, ते खाली बसताहेत, आतून आवाज – "बाई, कात्री आणा, पण कान माझे आहेत हं!" हसताना माझा पदर खळीच्या डब्यात बुडाला.

आठवायचं कारण – आज त्यांनी मागणी घातली. "बाई, दोघं निवृत्त झालो. दोन घरं, दोन कुलपं, दोन चहाची भांडी. निम्मं करू या का?" ते बासष्ट, मी एकोणसाठ! "विचार करून सांगते," म्हटलं. जिना उतरेपर्यंत विचार संपला. परत वर गेले.

४ जानेवारी

धाकट्या बहिणीला फोन केला. ती किंचाळलीच. "अगं ताई, घोडनवरी म्हणायची सोयसुद्धा ठेवली नाहीस!" लग्नाच्या नोंदणीची तारीख वीस फेब्रुवारी. आरशासमोर उभी राहून "अहो" अशी हाक मारून पाहिली. चांगली वाटते!

१२ फेब्रुवारी

बाइंडर म्हणाले, "मार्चमध्ये करू. घराला रंग द्यायचाय." ठीक. रंग छानच.

१० मार्च

आता म्हणतात, मे महिना. रंग तर देऊन झाला! डोळ्यांत बघत नाहीत. धाकटी म्हणते, "पाय मागे घेतोय तुझा नवरदेव." फोन आपटला मी. मग रडले थोडी.

११ मार्च

सरळ विचारलं – "नको असेल तर तसं सांगा. मी काही विहिरीत उडी नाही घेणार."

ते उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "बाई, तो स्वेटर आठवतो? माझं जन्मापासून तसं आहे. पुढची कातडी मागे सरकतच नाही. हल्ली चिरा पडतात, लघवीला आग होते."

मला क्षणभर कळलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या – शरीर म्हणजे हात, पाय आणि डोकं. मधल्या भागाला नाव नव्हतं! मग कळलं. कान तापले.

"म्हणून इतकी वर्षं लग्न केलं नाहीत?"

"म्हणून तुम्हाला विचारलं नाही," म्हणाले.

डॉक्टर? लाजेने गेलेच नाहीत. "निदान वाचायचं तरी!"

"पुस्तक तुमच्या बंद कपाटात होतं."

अरे देवा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शरीराची सगळी पुस्तकं मीच कपाटात घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं मला! हवं असेल त्याने वहीत सही करायची आणि किल्ली माझ्याकडे मागायची.

"पण ते पुस्तक एकदा बांधायला आलं होतं ना तुमच्याकडे?"

"आलं होतं. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलात. मी वाचू नये म्हणून पानं उलटी घालून, मोजून दिलीत. मोजून परत घेतलीत."

आम्ही दोघं इतके हसलो की मला उचकी लागली. उचकी थांबली तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. पहिल्यांदाच.

१४ मार्च

दवाखाना. मीही आत गेले! डॉक्टर आमच्या भाचीच्या वयाचा, पण न लाजणारा. म्हणाला, मुलगा जन्मतो तेव्हा ती कातडी आत चिकटलेलीच असते. आपली आपण सुटते – कुणाची तिसऱ्या वर्षी, कुणाची पार पंधराव्या. तोवर ओढायची नाही. ओढली की फाटते, व्रण होतो, आणखी आवळते. मोठेपणीही सुटली नाही तर त्याला फायमोसिस म्हणायचं. पुष्कळदा मलमानेच भागतं.

"काका, विशीत आला असतात तर बहुतेक एका ट्यूबवर काम झालं असतं."

एक ट्यूब! मी बाइंडरांकडे बघितलं नाही. आता मात्र कडेला पांढरी, कडक चकती आहे. ती कातडी कापायलाच हवी.

घरी येऊन भाचीला फोन – "बाळाला आंघोळ घालताना ओढाओढ करू नकोस, वरून पाणी पुरे!" ती म्हणाली, "मावशी, तू? हे? तू??" एकोणसाठाव्या वर्षी जीभ सुटली माझी. फार मजा येते!

२ एप्रिल

झालं! तेवढाच भाग बधिर करायची सुई, अर्धा तास, संध्याकाळी घरी. बाइंडर बदकासारखे चालतात. मी तसं चालून दाखवलं. "बाई, हसवू नका, टाके ओढतात!" मग दोघंही तोंडावर उशी दाबून हसलो. कापलेला तुकडा तपासायला पाठवलाय. नेहमीचंच असतं म्हणे.

११ एप्रिल

टाके विरघळताहेत. आग नाही. आज त्यांनी शीळ घातली. बेसूर, पण घातली! लग्न सात मे. मोतिया रंगाची साडी घेतली. धाकटी म्हणते, "गुलाबी घे की!" उद्या बदलून आणते.

१५ एप्रिल

रिपोर्ट आला. तुकड्यात कर्करोग निघाला. खोल गेलाय की वरवर, ते मोठ्या इस्पितळातच कळेल. ते इथून रात्रभराच्या अंतरावर आहे. बाइंडर म्हणाले, "बाई, तुम्ही मोकळ्या आहात." मी म्हटलं, "गप्प बसा," आणि नोंदणी कचेरीत फोन केला. उद्या अकरा वाजता. संध्याकाळची गाडी.

किती महिने लागतील माहीत नाही. भाड्याची खोली सोडते आहे. धाकटीसाठी हे पान फाडून टेबलावर ठेवीन – लाकडी कपाट भाचीला. शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. कुंड्या शेजारी, गवती चहाला रोज पाणी. आईच्या बांगड्या तुझ्या तुला. एकटीचा पलंग कुणालाही दे. नव्या दोन उशा मात्र कुणाला देऊ नकोस. त्या आम्हाला लागतील.