जोहराला आणू नकोस

मु. पो. वाशी,
१४ ऑक्टोबर २०२४

प्यारे समद,

अस्सलाम आलेकुम. इकडं सगळे खुशाल, तुम्ही तिघंही पुण्यात तसेच असाल. आपानं पत्र पाठवलं म्हणून हसू नकोस. मोबाईल हल्ली अब्बांच्या कमरेला असतो आणि मी कुणाशी बोलू लागले की ते कान देऊन ऐकत बसतात.

दिवाळीच्या सुट्टीत जोहराला आणि तिच्या अम्मीला घेऊन येतो म्हणालास. यंदा राहू दे. घराला रंग द्यायचाय, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि तुझ्या बेगमला आमची भाकरी दुसऱ्या दिवशी नकोशी होते हे मला ठाऊक आहे!

अब्बा मजेत आहेत. वनखात्याचा चौकीदार धुळाप्पा त्यांना डोंगरात घेऊन जातो. रविवारी सोलापूर-लातूरकडून लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून अस्वल बघायला येतात. अब्बा त्यांना मचाणावर बसवतात, वारूळ कसं उकरलंय, झाडावरचे ओरखडे ताजे की जुने, सगळं समजावतात. उभी उमर दारोदार अस्वल नाचवलेल्या दरवेशाला आता लोक गाईडकाका म्हणतात. सरकारनं आपल्या अस्वलिणीला, लाडोला नेल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

तरन्नुमही त्यांच्यासोबत जायची. माझी लेक किती भित्री होती तुला माहीतच आहे. पाल दिसली तरी माझ्या ओढणीत शिरायची. आता भीत नाही.

खरं सांगू का समद, रंग वगैरे काही नाही.

लोक आपली भेदरट पोरं घेऊन यायचे ते आठवतं? अब्बा त्यांना लाडोच्या पाठीवर बसवायचे. पोराची भीती अस्वल घेतं म्हणायचे. मग तिचा एक केस उपटून ताइतात घालायचे आणि पोराच्या गळ्यात बांधायचे. तो केस म्हणजे नुसता दिखावा, असं आपल्याला वाटायचं.

गेल्या महिन्यात एकदा दिवस कलताना, पाहुणे परत गेल्यावर, अब्बांनी पेटीतला जुना डमरू वाजवला. घळीतून एक अस्वलीण वर आली. रानातली, नाकाला वेसणीचं भोक नाही. तरी डमरूवर दोन पायांवर उभी राहिली, थेट लाडोसारखी. मग खाली बसली. आणि अब्बांनी माझ्या लेकीला उचलून तिच्या पाठीवर ठेवलं.

धुळाप्पा मचाणावरून बघत होता. मला म्हणाला, “ताई, वरडलो आसतो तर जनावर बिथरलं आसतं. तोंडात पटका कोंबून बसलो बगा. मंग किंचाळी आली. पोरीची न्हाय, आस्वलाची. आन् ते घळीत पळालं.”

तरन्नुम हसत घरी आली. मी खुळी, पोर धीट झाली म्हणून त्या दिवशी शिरखुर्मा केला.

आता ती विहिरीच्या काठावर पाय सोडून बसते. परवा एसटी अंगावर येत होती, ही रस्त्यात उभी राहून तिच्याकडे बघत होती. काल चुलीतला निखारा तळहातावर घेऊन मला दाखवायला आली. मी मारायला हात उगारला तर तिची पापणीसुद्धा लवली नाही. मला माझ्याच पोरीची भीती वाटते रे.

आणि ती अस्वलीण म्हणे कपारीत दडून असते. पान वाजलं तरी कण्हते. सीताफळं पिकून खाली पडलीत, पण खायला उतरत नाही.

मी अब्बांना गाठलं. खाली मान घालून म्हणाले, “केस उपटायचा राह्यला गं. केस गळ्यात आसला की थोडी भीती माघारी येती, लेकराला जपायपुरती. लाडो हूं की चूं करायची न्हाय. ही पळाली.”

त्या एका केसासाठी ते रोज डमरू घेऊन डोंगरात जातात. ती येत नाही. आता म्हणतात, “भेदरलेलं लेकरू सोबत आसल्याबगार ती यायची न्हाय. समदची जोहरा लई भित्री हाय, व्हय ना? एकडाव बसवू, केस घिऊ, दोघींचे ताईत करू.”

मी घमेलं आपटलं, नाही नाही ते बोलले. तेवढ्यात तरन्नुम विहिरीकडं निघालेली दिसली. तिला ओढून आणलं, आणि समद, मग मीच तुला फोन लावला. बोलवायलाच लावला होता. तू उचलला नाहीस. अल्लाचे शुकर.

हे लिहिताना तिला ओढणीनं माझ्या कमरेला बांधलंय. ती डोंगराकडं बघत माझ्या पाठीवर बोटांनी डमरूचा ठेका धरतेय.

मी पुन्हा फोन करीन. मला माझा भरवसा नाही. अब्बा आजारी आहेत म्हणेन, रडेन, तुला अम्मीच्या कबरीची शपथ घालीन. फोनवर बोलेल ती तरन्नुमची आई असेल. हे पत्र तुझ्या आपानं लिहिलंय. तू आपाचं ऐक.

जोहरा अंधाराला भिते, कुत्र्याला भिते, म्हणून तिला रागावू नकोस. भिऊ दे तिला.

अजून तरी तुझी आपा,
शाहिस्ता