ठोंब्याची प्रगती आणि तुझी काठी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खरा आहे. हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे. का, ते पुढे येईल.)

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की करते असं नुसतं सांगतेस? माझी प्रकृती ठणठणीत आहे. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, पण तिचा ठोंब्याशी संबंध नाही (फारसा). गेल्या आठवड्यात दोन पत्रं धाडली, उत्तर नाही. त्याअर्थी तुझा राग अजून उतरलेला नाही, असं मी धरून चाललो आहे. रागवायचा तुला हक्कच आहे. तीन महिन्यांपूर्वी तू कायमची राहायला म्हणून ट्रंक घेऊन आलीस. तिसऱ्या दिवशी आमच्या कुत्र्याने, म्हणजे ठोंब्याने, तुझ्या हातातली काठी हिसकावून कोचाखाली नेली आणि तू पडलीस. नशीब, कोचावरच पडलीस. हा कुत्रा आहे तोवर या घराचा उंबरा चढणार नाही, असं म्हणून तू त्याच ट्रंकेसकट परत गेलीस. ताई, भाऊजी गेल्यापासून तू तिकडे एकटी, मी इकडे एकटा. दोघांनी दोन घरांत एकेक कप चहा करून भिंतीकडे बघत प्यायचा, हे मला पटत नाही. म्हणून हा प्रश्न मी जातीने हाती घेतला आहे. एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाने प्रश्न हाती घेतला की तो सुटतोच, हे तुला ठाऊक आहे.

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एक बाई दर शनिवारी येतात. आल्या तेव्हाच ओळखलं, ही आपल्याच शाळेतली, शेवटच्या बाकावरची, वर्षभर रोज उशिरा येणारी. तिची पद्धत अशी की मारायचं नाही, ओरडायचं नाही. कुत्रा अंगावर धावून जातो तो बहुतेक वेळा भीतीपोटी, माज म्हणून नव्हे. तेव्हा ज्याची भीती त्याला आधी लांब ठेवायचं, कुत्रा शांत राहिला की त्याच क्षणी चीजचा तुकडा द्यायचा, आणि असं करत करत ती वस्तू दिवसागणिक जवळ आणायची. मी म्हटलं, ही तर लाच झाली. ती म्हणाली, "सर, लाच नाही, पगार." मग तिने विचारलं की याच्यावर लहानपणी कुणी काठी उगारली होती का. मी छताकडे बघून ठामपणे सांगितलं की आमच्या घरात असले प्रकार होत नाहीत.

सुरुवात पोस्टमनपासून केली, कारण तो रोज अकराला येतो आणि ठोंब्या रोज अकराला फाटकावर झेप घेतो. पहिल्याच दिवशी पोस्टमन कोपऱ्यावर दिसला आणि ठोंब्या चक्क चार सेकंद गप्प बसला! मला भरून आलं. पण बक्षीस असं हातात कोंबायचं? आपल्या शाळेत साधी पेन्सिलसुद्धा दोन शब्द बोलल्याशिवाय कुणाला दिली गेली नाही. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि आजच्या दिवसाचं महत्त्व सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला ठोंब्या भुंकला, तिसऱ्याला फाटकावर चढला. मी भाषण पुरं केलं (मध्येच थांबायची मला सवय नाही) आणि चीज दिलं. असं सहा दिवस चाललं. शनिवारी बाईंनी हा समारंभ पाहिला आणि डोक्याला हात लावून त्या पायरीवरच बसल्या. मी गप्प बसण्याबद्दल त्याला भाषण देत होतो आणि भुंकण्याबद्दल चीज. ठोंब्याने त्याच्या परीने अगदी बरोबर अर्थ काढला होता. पोस्टमन दिसला की तो जोरात भुंकायचा आणि मग कौतुकाने माझ्याकडे बघायचा. पुढे पुढे तर मी नुसता घसा साफ केला तरी भुंकायला लागला.

आता भाषणावर बंदी आहे. 'टक्' वाजणारी एक बोटभर डबी बाईंनी दिली आहे. ठोंब्या शांत दिसला की टक्, आणि लगेच तुकडा. शिवाय त्याच्यासमोर उंच उभं राहून त्याला बिचकवायचं नाही, म्हणून मी हा असा पालथा. काठीऐवजी छत्री घेतली आहे. बोळाच्या टोकाला छत्री, इकडे आम्ही दोघं. अकरा फरश्यांवरून छत्री आता तीन फरश्यांवर आली आहे. काल त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिथेच झोपून गेला. वर्गात झोपणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे, याला जागा झाल्यावर चीज दिलं. पोस्टमनवर तर तो गेल्या नऊ दिवसांत एकदाही भुंकलेला नाही.

तेव्हा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. तुझा पलंग खिडकीशी सरकवला आहे. ट्रंकेची जागा रिकामी आहे, आणि ती मला बघवत नाही.

तुझा आज्ञाधारक (या वयात तरी),
धाकटा

ता.क. छत्री वाजत नाही. तुझ्या काठीचं लोखंडी टोक फरशीवर वाजतं, खरी परीक्षा त्या आवाजाची आहे. मुठीला दोरा गुंडाळलेली तुझी जुनी काठी महिनाभर पाठवशील का? खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

ता.क. २ छताकडे बघून जे सांगितलं ते खोटं होतं. ठोंब्या पिल्लू असताना त्याने माझे बूट कुरतडले, तेव्हा मी माळ्यावरून शाळेतली छडी काढली होती. एकदा नाही, बरेचदा. ताई, तो तुझ्यावर धावलाच नाही. माझ्या छडीवर धावला, ती तुझ्या हातात दिसली एवढंच. आणि तू पडलीस तेव्हा तुझ्यासमोर मी त्यालाच रागावलो. मला फार लाज वाटते. शनिवारी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत होतं, सर. मी तरी रोज उशिरा का येत होते?"

ता.क. ३ काठी टपालाने पाठवू नकोस. पोस्टमन नऊ दिवस आमच्या फाटकाशी आलेला नाही (ठोंब्या भुंकला नाही हे त्या अर्थी खरंच आहे). तुझं उत्तर असेल तर तेही त्याच्याच पिशवीत असणार, आणि त्यात 'येत नाही' असं असेल तर ते मी वाचलेलं नाही. काठी तूच घेऊन ये. फाटकाबाहेर अकरा पावलांवर थांब. मी पायरीवर पालथा असेन, शेजारी ठोंब्या. चीज तुझ्याकडे देईन, पहिला तुकडा तूच टाक. स्वागताचं भाषण होणार नाही, शब्द देतो.