बी. भरमूचा जन्म कुठला?

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. मनुआजीस,
स्वरालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. विसरल्या गेलेल्या वादकांचा कोश लिहितेय, त्यासाठी एक जुनी तबकडी मिळाली. वाद्य उकुलेले, म्हणजे चार तारांचं, गिटारीचं पिल्लू, वादक बी. भरमू. वेष्टनावर जन्म गोव्याचा लिहिलाय, वडील बँडमास्तर. एका मासिकात छापलंय, १९७२ साली अपघाती मृत्यू. पण फोटोतलं नाक थेट तुझं! घर सोडून गेलेला तुझा भाऊ तो हाच का? फोटो सोबत आहे.

गोळ्या चुकवू नकोस. तुझी माया आहेच, ती आता पत्रातूनही येऊ दे.
तुझी स्वराली

वडगाव, बेळगाव, १२ ऑगस्ट

चि. स्वरालीस अनेक आशीर्वाद.

फोटो बघून लई रडले. आमचाच भरमू गं. कसला गोवा? ह्याच घरात, मागाच्या खोलीत जन्मला. आप्पा साड्या विणायचे. कॅम्पातल्या पाद्र्यानं ते वाद्य दिलं आणि ह्याचं मागावर चित्त लागंना. आप्पा म्हणाले, ते खेळणं ठेव न्हायतर घर सोड. विशीतच गेला. आणि बहात्तरला मेला म्हणतात, तर एक्याऐंशीला आईच्या बाराव्याला दारात कोण आलतं? मी ह्या डोळ्यांनी बघितलं. डाव्या करंगळीचं पेर मागात सापडून गेलतं, ते विचार कुणाला तरी. जिवंत असंल का गं?

वेळेवर जेवत जा. तुझ्या पत्राकडं डोळे लागलेत.
आजी

निपाणी, ३० ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तबकडीवर ढोलकीवाल्या नागोजींचं नाव होतं. ते इथं सापडले. करंगळीचं विचारताच त्यांनी आपली करंगळी दुमडून दाखवली. गोवा म्हणे कंपनीच्या माणसानं घातला, तबकडी खपावी म्हणून. मेला तो दुसराच वादक. मासिकानं नावांची अदलाबदल केली. ते पान भरमूआजोबा हसत सगळ्यांना दाखवायचे. पुढं ते इथंच विडी कामगारांच्या गल्लीत मुलांना शिकवत राहिले. आजी, २०११ साली ते गेले. बाराव्याला आले होते, पण धीर सुटून दारातूनच परतले, असं त्यांनी नागोजींना सांगितलं होतं. जन्मतारीख विचारली की म्हणायचे, ते आक्काला ठाऊक.

जिवाला जप. लवकरच येते, तुझ्या कुशीत जागा ठेव.
स्वराली

वडगाव, ७ सप्टेंबर

चि. स्वरालीस आशीर्वाद.

चार दिवस पेन धरवलं न्हाय. बसनं दोन तासांवर होता गं!

लिहून घे. जन्म नागपंचमीचा, १९४६. शाळेच्या दाखल्यात काही का असंना. आणि नागोजींना त्यानं खोटं सांगितलं, मला झाकायला. त्याचा धीर सुटला नव्हता. त्यानं पाणी मागितलं. आत आप्पा बसलेले, म्हणून मी दार लावून घेतलं. आजवर कुणाला सांगितलं न्हाय. पुस्तकात हेही घाल, आणि साक्षीला माझं नाव दे.

तुझी आजी,
भरमूची आक्का