मिसेस सग्डन यांचा शेवटचा टोप

सोमवार, ३ मार्च २०२५

केसांचा टोप कापायचा! कॅमेऱ्यासमोर, खऱ्या कात्रीने, एकदाच. आमचा दिग्दर्शक कॅलम सकाळी चहात बिस्किट बुडवता बुडवता हे सांगून गेला. मालिकेतल्या नायिकेला ताप चढतो आणि डॉक्टर तिचे केस कापायला लावतो. १८६६ साली लावायचेच, ताप डोक्यात जाऊ नये म्हणून. म्हणजे कॅलमचं बरोबर आहे — हेच माझं दुखणं.

कापायला दुसरा, स्वस्तातला टोप आणते म्हटलं. तर म्हणे स्वस्तातला कॅमेऱ्याला लगेच कळतो. तेही खरंच.

पण हा टोप मिसेस सग्डन यांचा आहे. त्र्याऐंशी वर्षांच्या, वाकड्या झालेल्या बोटांनी जाळीवर एकेक केस गाठ मारून, आमच्या भाषेत 'गाठून', केलेला. ऑगस्टमध्ये ब्रॅडफर्डला त्यांच्या घरी गेले, तेव्हा पेटीतून काढून हातात ठेवला. या हातांनी कसा केलात, विचारलं. "बरंचसं आधीच करून ठेवलं होतं. पुढची जाळी तेवढी नवी," म्हणाल्या. मोठेपणा मिरवणं त्यांच्या रक्तातच नाही. आता त्या हॉस्पिसमध्ये आहेत. यापुढे काही गाठणार नाहीत. त्यांचा शेवटचा टोप आणि तो मी कापायचा.

मंगळवार, ४ मार्च

"लॉरेन, कपाळावर दोन बटा मोकळ्या सोड ना, फार काकूबाई दिसतेय ती." पुन्हा कॅलमचं तेच! १८६६ सालची गिरणीमालकाची बायको झिपऱ्या सोडून चर्चला जाईल? मधला भांग, कानांवरून चापून नेलेले केस, मानेवर अंबाडा. बस्स. भांडले. शेवटी एक बट सोडली.

गुरुवार, ६ मार्च

हॉस्पिसला गेले. आल्याचा केक नेला होता, त्यांनी नुसता हुंगला आणि नर्सला देऊन टाकला. मला अजून "गाजर" म्हणतात. माझे केस लालभडक होते तेव्हाचं नाव. आता डोक्याची राख झाली तरी नाव तेच. मीही सदतीस वर्षं त्यांना मिसेस सग्डनच म्हणते, एडना म्हणायची छाती होत नाही.

टोप कापायचा आहे हे धीर करून सांगितलं. वाटलं होतं रागावतील. तर म्हणाल्या, "कापू दे. टोप कामासाठी असतो, देव्हाऱ्यात ठेवायला नाही." आणि थोड्या वेळाने, "कापल्यावर आतून बघ, गाजर." जाळी मजबूत आहे, फाटणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

परत येताना गाडीत तो जुना दिवस आठवला. १९८८. त्यांच्या टोपांच्या कारखान्यात शिकाऊ होते मी. आठ आठवडे बसून पहिला अख्खा टोप गाठला. तिथली रीत होती — गाठणाऱ्याने डाव्या कानामागे, आतल्या पट्टीखाली, स्वतःच्या डोक्याचा एक केस गाठायचा. ती त्याची सही. टोप कामात असेपर्यंत ती कोणी बघायची नाही, बघितली तर टोप रुसतो म्हणत. मीही माझी सही केली होती. मिसेस सग्डन यांनी भिंगातून टोप पाहिला, पाच मिनिटं पाहिला, आणि एकच शब्द बोलल्या. "उसव."

मी उसवला नाही. टेबलावर तसाच टाकून घरी जाऊन रडले. मग केशरचनेकडे वळले — अंबाडे, वेण्या, चिमट्याने कुरळे करणं. त्यात नाव झालं, बक्षिसंही मिळाली. पण गाठायची आकडी पुन्हा हातात धरली नाही. आपल्याला ते येत नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवार, ७ मार्च

चौदावा प्रसंग. लग्नाची पहिली रात्र, आरशापुढे नवरा तिचे केस विंचरतो. अख्ख्या मालिकेत तिचे केस कमरेपर्यंत मोकळे दिसतात ते एवढंच. त्या काळी बाईचे मोकळे केस नवऱ्याशिवाय कोणी बघायचं नाही. नायिका झालेली थिया सुंदर दिसली. तिच्या पाठीवर तो टोप तिचाच वाटत होता.

दुपारी बाराला हॉस्पिसचा फोन आला. श्वास लागलाय, या. मेकअप-खोलीतल्या फळ्यावर "चौदा — झाला" लिहिलं आणि निघाले. चार वाजता त्या सावरल्या. कस्टर्ड मागितलं!

मंगळवार, ११ मार्च

कापला.

आदल्या दिवशीच केसांच्या बटा दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या, पडले तरी सांडू नयेत म्हणून. दोरे वरच्या थराखाली लपवले. थिया उशीवर पडलेली, डॉक्टर झालेला नट कात्री घेऊन वाकला. कात्रीचा तो आवाज! तीन कापांत काम झालं. थिया खरंच रडली, कॅलम खूश. मी खाली बसून बटा उचलल्या, पातळ कागदात गुंडाळल्या आणि घरी आणल्या. कुणाला म्हटलं नाही, पण अंगाचं काही तुटल्यासारखं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

काय करून बसले मी!

चौदावा प्रसंग अर्धाच झाला होता. शुक्रवारी फक्त पुढून घेतला. पाठीमागून, नवरा मानेवरचे केस बाजूला सारतो ते, वेळ संपली म्हणून सतरा तारखेच्या सोमवारवर टाकलं. मला कोणी सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही, कागद माझ्या टेबलावर होता. फळ्यावर "झाला" मीच लिहिलं आणि मग फळ्यावरच विश्वास ठेवला. तीस वर्षांच्या कामात अशी चूक नाही.

कॅलम ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी केस लागतील, लॉरेन." अंबाडा असता तर खोटा बांधून भागवलं असतं. मोकळे केस, तेही मागून, कॅमेरा वीतभर अंतरावर! कापलेल्या बटांच्या पट्ट्या शिवून वरच्या केसांखाली लपवता येतील. पण मानेजवळची चार बोटं रुंद पट्टी हातानेच गाठायला हवी. लंडनला टोप गाठणाऱ्या दोघींना फोन केले. एक महिनाभर अडकलेली, दुसरी हसली.

संध्याकाळी थिया म्हणाली, "मग तूच का नाही गाठत?" मी तिच्यावर खेकसले. उद्या माफी मागायला हवी.

गुरुवार, १३ मार्च

थियाची माफी मागितली. मग मिसेस सग्डन यांना सगळं सांगितलं. माझी चूकही. त्यांचं नुसतं हाडं-कातडं उरलंय.

"तूच गाठ," म्हणाल्या.

"मला येत नाही."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "मला तेव्हा चाळीस जणांचे पगार काढायचे होते, गाजर. आणि तू एकोणीस वर्षांची." पुढे काही बोलणार होत्या, पण खोकला आला. नर्सने मला बाहेर काढलं. याचा अर्थ काय लावायचा? त्या घाईत होत्या, एवढंच का?

शुक्रवार, १४ मार्च

जुन्या जाळीच्या तुकड्यावर सराव. वीस गाठी, त्यातल्या सतरा सुटल्या. शेवटच्या तीन धरल्या.

शनिवार, १५ मार्च

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मिसेस सग्डन गेल्या. मी वाटेत होते.

नर्सने विंचरलेले केस मला आवडले नाहीत. मीच पुन्हा विंचरले, मधला भांग पाडला. पांढऱ्याखाली मुळाशी एक-दोन केस अजून कोळशासारखे काळे. त्यांची सही असायची ती. खूप रडले. आता विचारायला कोणी उरलं नाही.

रविवार, १६ मार्च

दुपारी टोप लाकडी डोक्यावर चढवला. मानेजवळ गाठायचं तर आतली पट्टी काढावी लागते. म्हणजे सही दिसणार. टोप रुसायचा तो रुसो. मिसेस सग्डन यांचा काळा केस शेवटचा बघून घेऊ, म्हटलं.

रविवार, संध्याकाळ

पट्टी काढली. डाव्या कानामागे एक केस गाठलेला आहे. काळा नाही. लाल आहे.

त्यांनी माझा टोप उसवला नव्हता.

भिंग लावून एकेक गाठ पाहिली. चांगल्या आहेत.