आईचा पदर आणि दुसरी लेन्स

अहमदपूर, रविवार, जेवायच्या आधी

नांदेडला जाऊन रिकाम्या हाताने परत आले. दुकानदाराने कॅमेऱ्याच्या दोन लेन्स समोर ठेवल्या. एक छोटी, पन्नास एमएमची. चेहरा छान येतो म्हणे, पण झूम नाही, आपणच जवळ जायचं. दुसरी लांबलचक. "ही घ्या ताई. लांबून काढा, कुणाला पत्ताबी लागायचा न्हाई." मग विचारलं, "काढायचं काय हाय तुम्हाला?" मी म्हणाले, पक्षी. का म्हणाले कोण जाणे. मला चार पक्षीसुद्धा ओळखता येत नाहीत.

काढायची आहे आई. पुढचा दात पडल्यापासून हसली की पदर तोंडावर जातो. कॅमेरा दिसला तर आधार कार्डाच्या फोटोसारखी ताठ बसते. म्हणून लांबवरची बरी वाटली. पण आपल्याच आईला चोरून टिपायचं? मग पन्नासची? जवळ गेलं की पदर आलाच.

संध्याकाळी आहे त्याच लेन्सने बघितलं. आई शेजारच्या काकूंसोबत अंगणात शेंगा फोडत हसत होती, मी दाराआड. तिला दिसलेच. पदर वर गेला. त्याच्याआडूनच म्हणाली, "चोरावानी काय उभी हायस तिथं? बस इथं, शेंगा फोड."

बसले. कॅमेरा मांडीवर. शेंगा संपेपर्यंत आई हसत होती, पदर एकदाही वर गेला नाही, आणि माझे दोन्ही हात टरफलांत.

आता कोणती घेऊ?